टॉम सॉयर खरंच बदलला का?

मार्क ट्वेनचं 'हकलबरी फिन' वाचलेल्यांची एक तक्रार हमखास असते: शेवटच्या प्रकरणांत आपल्या लाडक्या टॉमला झालंय काय? तक्रार रास्त आहे. १८७६ च्या 'टॉम सॉयर'मध्ये तो वर्गातल्या बेकीच्या वाटचा मार स्वतः खातो, खुनी इन्जन जोची दहशत असताना खुनाचा खोटा आळ आलेल्या मफ पॉटरसाठी साक्ष देतो. आणि पुढच्या पुस्तकात हाच टॉम, पळालेला गुलाम म्हणून कोंडलेल्या जिमच्या खोपटात उंदीर, साप, कोळी आणून सोडतो. सुटकेचा हा खेळ तीन आठवडे चालतो. जिमच्या मालकिणीने, मिस वॉटसनने, मृत्युपत्रात त्याला केव्हाच मुक्त केलंय, हे टॉमला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं!

पण माझं मत, टॉम बदललेलाच नाही. 'टॉम सॉयर'चं पंधरावं प्रकरण पुन्हा काढा. टॉम आणि त्याचे मित्र पळून बेटावर गेलेत, पण पोरं बुडून मेली असं गाव समजतंय. टॉम रात्री बेटावरून गुपचूप घरी येतो, पलंगाखाली लपून पॉलीमावशीचं रडणं ऐकतो. 'आम्ही जिवंत आहोत' असं लिहिलेली झाडाची साल मेणबत्तीशेजारी ठेवतोसुद्धा. मग रविवारच्या अंत्यविधीत अवतरण्याची कल्पना सुचते आणि साल परत खिशात जाते. एका वाक्याने कुणाचं दुःख संपलं असतं, ते वाक्य तमाशासाठी दाबून ठेवायचं. दोन्हीकडे टॉम हेच करतो.

बदललंय ते सांगणारं तोंड. पहिल्या पुस्तकाचा निवेदक टॉमवर माया करणारा आहे, तो आपल्याला थेट चर्चमधल्या आनंदात नेऊन सोडतो. दुसऱ्यात टॉमचा मित्र हक बोलतो. एकतिसाव्या प्रकरणात त्याने जिमसाठी नरकात जायची तयारी करून, जिमचा ठावठिकाणा मिस वॉटसनला कळवणारं पत्र फाडलेलं असतं. ते वाचून आलेल्या आपल्याला टॉमचा खेळ सहन होईल कसा? शिवाय १८७६ मध्ये सुरू केलेलं हे पुस्तक ट्वेनने मध्ये बाजूला ठेवलं आणि १८८३ मध्ये पुरं केलं. एवढ्या वर्षांत लेखकही तोच राहत नाही.

खरा बदल हवा असेल तर १८९४ चं 'टॉम सॉयर अब्रॉड' बघा. निवेदक हकच, पण ते पत्र फाडणारा हक तिथे नाही. मुलांच्या मासिकासाठीच्या त्या बलूनसफरीत टॉमच्या बढायांना प्रश्न विचारायला कुणीतरी लागतं, तेवढंच काम त्याला आणि जिमला उरलंय. मला टॉमपेक्षा याचं दुःख जास्त होतं.

'हकलबरी फिन'च्या शेवटी टॉम जिमला चाळीस डॉलर देतो आणि जिम हरखून जातो. पहिल्या पुस्तकात ती साल जॅकेटच्या खिशात सापडते, तेव्हा पॉलीमावशीही अशीच, रडत रडत, त्याला सगळं माफ करून टाकते.