‘इंजिन बांधूनही गाडी धूर मारते’ या रिव्ह्यूला गॅरेजतर्फे उत्तर

नमस्कार सर,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : प्रीमियर पद्मिनी गाडीचं फुल इंजिन काम करून घेतलं, तरी सायलेन्सरमधून निळा धूर येतो, तेल कमी होतं, पिकअप नाही. मिस्त्रीने नवं इंजिन पहिल्याच दिवशी वीस मिनिटं रेसवर ठेवलं. सिंथेटिक तेल टाका म्हटलं तर आम्ही ऐकलं नाही. तक्रार घेऊन आलात तर ‘गाडी चालवा’ एवढंच ऐकवलं. आणि बिल भरमसाट.

बिलाचं आधी संपवतो. पिस्टन, रिंगा, बेअरिंगं, कॅम, टॅपेट, लेथवाल्याचं बोअर आणि क्रँक ग्राइंडिंग, सगळ्याच्या पावत्या तुमच्याकडे आहेत. जुने पार्ट गोणीत घालून डिकीत ठेवले होते. त्याच पावत्या घेऊन नाना पेठेत कुठल्याही दुकानात भाव विचारा.

बाकीचं जरा सविस्तर लिहितो, कारण जुनी गाडी जपणारे पुण्यात बरेच आहेत आणि तुमच्या रिव्ह्यूखाली ते हेही वाचतील.

सिलिंडर बोअर केल्यावर, म्हणजे आतून कापून घेतल्यावर, आत होनिंगच्या (दगडाने घासण्याच्या) तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा मुद्दाम ठेवतात. नख फिरवलं तर जेमतेम जाणवतात. जात्याला टाकी लावतात ना, तसंच हे. पिस्टनभोवतीच्या नव्या रिंगा या रेघांवर घासून बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीच्या, अंगासरशी होतात, मग आम्ही म्हणतो रिंग बसली. आता ही रिंग बोअरला दाबतं कोण? तिचा स्वतःचा ताण थोडासाच. खरा जोर लावतो तो जळलेला गॅस. तो रिंगेच्या मागे शिरतो आणि तिला भिंतीवर रेटतो. गाडीवर लोड असेल तरच हा गॅस जोरात असतो. जागेवर उभ्या गाडीत, आयडलिंगला, तो नावापुरता.

तुम्ही स्वतःच सांगितलंत की रोज सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये पंधरा-वीस मिनिटं इंजिन चालू ठेवता, ‘मोकळं व्हावं म्हणून’. डिलिव्हरीच्या दिवशीचा आकडा जॉब कार्डवर आहे. परवा मीटर पाहिला तर त्यानंतर दोनशे किलोमीटरसुद्धा झालेले नव्हते. चोक ओढून गाडी उभी ठेवली की जादाचं पेट्रोल बोअरवरचं तेल धुऊन काढतं आणि खाली तेलात उतरतं. न बसलेल्या रिंगेवरून जे तेल वर येतं ते होनिंगच्या रेघांत भाजून बसतं. रेघा बुजल्या की बोअर काचेसारखा गुळगुळीत होतो, ग्लेझ होतो, आणि मग रिंग घासायला काही उरत नाही. त्यानंतर हजार किलोमीटर चालवून उपयोग नाही, हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, खोलावंच लागतं. म्हणून परवा ‘चालवा’ म्हटलं, तुम्हाला वाटेला लावायला नव्हे.

प्लग तुमच्यासमोरच काढले होते. तीन काजळलेले पण कोरडे, चौथा तेलाने ओला. डिपस्टिक नाकाशी धरली तर पेट्रोलचा वास येत होता, तो तुम्हालाही आला. या गोष्टी रिव्ह्यूत आल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता रेसचं. उभं ठेवू नका म्हणणारे आम्हीच वीस मिनिटं उभं ठेवतो, हे विचित्र दिसतं खरं. पण ते रिंगांसाठी नसतं, कॅमसाठी असतं. या इंजिनात कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, ब्लॉकमध्ये, त्यावर त्याचा धक्का वर पोचवणारे सपाट तळाचे टॅपेट, आणि आपण दोन्ही नवे टाकले. कॅमच्या लोबवर, म्हणजे उंचवट्यावर, तेल पोचतं ते मुख्यतः क्रँक फिरताना उडालेलं. आयडलिंगला ते पुरेसं उडत नाही आणि नवा लोब पहिल्या काही मिनिटांतच खरवडला जाऊ शकतो. म्हणून पहिला स्टार्ट झाला की लगेच २००० आरपीएमच्या आसपास ठेवायचं, थोडं वरखाली करत. हे एकदाच, आणि आमच्या नजरेसमोर.

सिंथेटिकचं म्हणाल तर आजच्या बऱ्याच गाड्या कंपनीतून सिंथेटिकवरच निघतात, कबूल. पण त्यांच्या बोअरचं फिनिशिंग कारखान्यातच इतकं बारीक झालेलं असतं की रिंगेला घासायचं काम फार उरत नाही. आपला बोअर लेथवरचा, रिंगा जुन्या पद्धतीच्या. तिथे सुरुवातीला साधं मिनरल तेलच बरं, असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही. शिवाय नव्या गाड्यांच्या तेलात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जपायला जस्ताची संयुगं कमी केलेली असतात आणि सपाट टॅपेटना नेमकी तीच लागतात. महाग तेल म्हणजे चांगलं तेल हे व्हिडिओवाल्यांचं गणित.

चालवायची कशी, हे किल्लीला बांधलेल्या कार्डावर लिहिलेलं आहे, तरी पुन्हा सांगतो. सकाळी लवकर निघा, हडपसर ओलांडून सोलापूर रोडला लागा, यवतपर्यंत जाऊन या. रस्ता सपाट आहे. टॉप गिअरमध्ये ४० वरून अर्धा-पाऊण अ‍ॅक्सिलरेटर देत ६० पर्यंत न्या, पाय काढा, गिअरमध्येच ४० वर येऊ द्या. परत तेच. पाय काढला की सिलिंडरमध्ये व्हॅक्यूम होतो, तेल वर ओढलं जातं आणि घासलेला बारीक चुरा धुऊन निघतो. पाय काढून पुन्हा दिल्यावर थोडा निळा धूर सुरुवातीला दिसेल, तो हळूहळू कमी व्हायला हवा. एकाच स्पीडला धरून बसू नका. टॉपमध्ये २५-३० वर गुरगुरत ओढू नका, हँडल गिअर (स्टिअरिंगजवळचा) आहे म्हणून कंटाळा न करता थर्ड टाका. दिवे घाट, कात्रज घाट ५०० किलोमीटर होईपर्यंत नको. लक्ष्मी रोडच्या गर्दीत तर मुळीच नको.

५०० ला तेल बदलायचं. काढलेलं तेल उन्हात धरलं तर चंदेरी चमक दिसेल, घाबरू नका. त्याच वेळी हेडचे बोल्ट पुन्हा टॉर्कने आवळतो आणि टॅपेट सेट करतो.

तुमच्या गाडीत आता पेट्रोल मिसळलेलं तेल आहे, ते मात्र ५०० ची वाट न पाहता आधी बदलू. मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तुमच्यासमोर मोजून घेऊ, एकदा कोरडं आणि एकदा प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून. तेल सोडल्यावर आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. बोअर-पिस्टनच्या मापात किंवा व्हॉल्व्हच्या कामात खोट निघाली तर इंजिन आमच्या खर्चाने पुन्हा खोलू. बोअर ग्लेझ झालेला निघाला तर मजुरी घेणार नाही, पण रिंगसेट आणि होनिंगचे पैसे तुम्हाला द्यावे लागतील. माझा अंदाज, अजून तितकं झालेलं नाही.

रिव्ह्यू बदला असं म्हणत नाही. सोमवार सोडून कधीही सकाळी या. फक्त गाडी टो करून आणू नका, चालवत आणा. कॉम्प्रेशन गरम इंजिनावरच घ्यायचं असतं.