डोकी मोजून विज्ञान किती पोहोचले ते कळत नाही

आज सकाळी शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर एका विज्ञान प्रदर्शनाचा समारोप अहवाल आला आणि तो वाचल्यापासून मन थाऱ्यावर नाही. प्रदर्शन कोणी भरवले होते हे मी लिहिणार नाही, कारण आयोजकांचे नाव बदलले तरी अहवाल दरवर्षी तोच असतो. ‘परिणाम’ या मथळ्याखाली सहभागी शाळांची संख्या, विद्यार्थ्यांची संख्या, वाटलेल्या प्रमाणपत्रांची संख्या आणि त्याखाली दीपप्रज्वलनाची छायाचित्रे. एखाद्या मुलाने काय पाहिले, काय विचारले, काय चुकीचे समजून तो घरी गेला, याविषयी संपूर्ण अहवालात एक ओळ नाही. हजारो मुले दारातून आत आली आणि बाहेर पडली, एवढेच त्यातून सिद्ध होते. याला परिणाम म्हणायचे असेल, तर आमच्या गोव्यातल्या कदंबा बसस्थानकाचा परिणाम त्याहून मोठा ठरेल.

काही वर्षांपूर्वी अशाच एका प्रदर्शनाला मी सत्तरी तालुक्यातल्या आमच्या शाळेची सातवी घेऊन गेले होते. तिथे हाताने फिरवायचा एक जनित्र ठेवला होता. दांडा फिरवला की समोरचे दिवे लागत आणि प्रत्येक दिव्याला वेगळे बटण होते. आमच्या वर्गातला एक अबोल मुलगा त्या जनित्रापाशी थांबला. बटणे बंद असताना दांडा सहज फिरत होता. पहिला दिवा लावला तेव्हा तो किंचित अडला आणि सगळे दिवे लावले तेव्हा त्याला दोन्ही हात लावावे लागले. त्याने बटणे बंद केली, पुन्हा लावली, पुन्हा बंद केली. मागे रांग वाढत होती. ‘चला, चला, पुढे सरका,’ असे सांगण्यात आले आणि तो सरकला. बाहेर पडताना सगळ्यांच्या हातात एक छापील कागद आला, ज्यावर ‘उत्तम’, ‘चांगले’ आणि ‘ठीक’ असे तीन चौकोन होते. बस सुटायची घाई होती. मुलांनी एकमेकांच्या पाठीवर कागद ठेवून ‘उत्तम’वर खूण केली. त्यानेही केली.

त्या वर्षीच्या अहवालात हा मुलगा ‘उत्तम’ म्हणणाऱ्यांत मोजला गेला असणार. दांडा जड का झाला, हा त्याचा प्रश्न कुठेच मोजला गेला नाही.

हे मोजणे अशक्य आहे, असे मला अनेकदा ऐकवले जाते. पण ज्या 1928 साली 28 फेब्रुवारीला सर सी. व्ही. रामन यांनी प्रकाशाच्या विकिरणातील ‘रामन परिणामा’चा शोध लावला आणि ज्या तारखेला आपण 1987 पासून राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो, त्याच 1928 साली अमेरिकेत एडवर्ड रॉबिन्सन या मानसशास्त्रज्ञाने संग्रहालयांतील प्रेक्षकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रेक्षक कशापुढे थांबतो, किती सेकंद थांबतो आणि दमल्यावर कसा नुसताच चालत सुटतो, हे त्याने घड्याळ लावून टिपले होते. पुढे त्याचाच सहकारी आर्थर मेल्टन याने दाखवले की दालनात शिरलेले बहुतेक लोक उजवीकडे वळतात, म्हणजे डाव्या भिंतीवर लावलेली उत्तम वस्तूही दुर्लक्षित राहू शकते. जवळपास शंभर वर्षांपूर्वीचे हे काम आहे आणि त्याला लागले ते एक घड्याळ, एक वही आणि धीर धरून बसणारा माणूस. आमच्याकडे ड्रोनने चित्रीकरण होते, पण वही घेऊन बसणारा माणूस मला आजवर दिसलेला नाही.

संख्या लागते, हे मान्य आहे. पैसे देणाऱ्याला काहीतरी दाखवावे लागते आणि रिकामे दालन कोणालाच नको असते. पण संख्या ही सुरुवात आहे, तिथेच अहवाल संपवण्याचा अधिकार कोणी दिला?

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. प्रदर्शनातून मुले कधी कधी चुकीची समजूत घेऊन परततात. आपल्याकडच्या विज्ञान केंद्रांत दोन शंकू बुडाशी जोडून केलेली एक वस्तू हमखास असते. ती दोन रुळांवर ठेवली की चढ चढताना दिसते. प्रत्यक्षात रूळ एकमेकांपासून दूर जात असल्यामुळे तिचा गुरुत्वमध्य, म्हणजे वजनाचा मध्यबिंदू, खाली येत असतो. हे बाजूने वाकून, डोळा मध्यरेषेच्या पातळीला आणून पाहिल्याशिवाय कळत नाही आणि असे वाकून पाहायला मुलाला कोणीतरी सांगावे लागते. सांगितले नाही, तर ते मूल घरी जाऊन ‘तिथे वस्तू आपोआप वर जाते’ असे सांगते. त्या मुलाला विज्ञान पाहायला नेले होते आणि ते चमत्कार पाहून आले. फलकावर सगळे खुलासेवार लिहिलेले असते, असे आयोजक म्हणतात. बारीक टायपातला तो इंग्रजी मजकूर मराठी माध्यमाच्या पाचवीतल्या मुलीने रांगेत उभे राहून कसा वाचावा, हे त्यांनीच सांगावे.

इथे प्रदर्शनात समजावून सांगणाऱ्या तरुण मुलामुलींविषयी मला लिहिलेच पाहिजे, कारण राग त्यांच्यावर निघता कामा नये. नुकतीच पदवी घेतलेली, तुटपुंज्या मानधनावर आलेली ही मुले सकाळपासून तेच वाक्य शेकडो वेळा बोलतात आणि दुपारपर्यंत त्यांचा घसा बसलेला असतो. त्या दिवशी आमच्या मुलाला पुढे सरकायला सांगणारी मुलगीही अशीच होती. तिच्यामागे आणखी बसगाड्या येऊन उभ्या होत्या. मुले कुठे अडतात, कशाला हसतात, कोणता प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, हे साऱ्या व्यवस्थेत तिच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. तिला संध्याकाळी पंधरा मिनिटे बसवून दिवसभरातले प्रश्न लिहून घ्यायला काही खर्च येत नाही. तिला कोणी विचारतच नाही.

पावसाळा सुरू झाल्यावर, त्या सहलीनंतर दोनेक महिन्यांनी, वर्गातली वीज गेली आणि अंधारात तो मुलगा आपणहून उभा राहिला. ‘बाई, तो दांडा जड का झाला होता?’ दिवा जळायला जी ऊर्जा लागते ती फिरवणाऱ्याच्या हातातून जाते, तारेतून प्रवाह वाहू लागला की तो त्या फिरण्यालाच विरोध करतो, हे मी त्याला सांगितले. चुंबकाच्या हालचालीतून वीज निर्माण करणारा फॅरडेचा 1831 चा प्रयोग आणि या विरोधाचा लेन्झचा 1834 चा नियम फळ्यावर लिहिण्याइतका उजेड नव्हता. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘म्हणजे वाळपईत सगळ्यांनी एकदम पंखे लावले, तर तिकडे कुठेतरी दांडा जड होत असणार.’

होतो. वीजकेंद्रातला जनित्र खरोखरच जड होतो आणि त्याला फिरवत ठेवायला जास्त वाफ किंवा जास्त पाणी सोडावे लागते. हे त्याला पुस्तकाने सांगितले नव्हते. तो प्रदर्शनाचा परिणाम होता, दोन महिन्यांनी दिसला आणि तो पाहायला आयोजकांपैकी कोणीही नव्हते.

गोव्यासारख्या लहान राज्यात हे व्हायला नको होते. दोनापावलला 1966 साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, वास्कोला अंटार्क्टिकाच्या मोहिमा आखणारी ध्रुवीय संशोधन संस्था आहे, मिरामारला 2001 पासून विज्ञान केंद्र आहे. डिसेंबर 2021 मध्ये भारत आंतरराष्ट्रीय विज्ञान महोत्सव पणजीतच झाला. दक्षिण टोकाचे काणकोण असो वा उत्तर टोकाचे पेडणे, सकाळी निघालेला माणूस शाळेत तासभर बसून संध्याकाळी घरी परततो. अशा माणसाने सहलीआधी मुलांकडून एक चित्र काढून घ्यावे, ‘वीज कुठून येते?’, सहलीनंतर तेच चित्र पुन्हा आणि दोन महिन्यांनी तिसऱ्यांदा. सहलीला न गेलेल्या तुकडीकडूनही तीच चित्रे घ्यावीत, म्हणजे वर्गात शिकून झालेला बदल वेगळा काढता येईल. सगळे कुतूहल अशा चित्रांत मावणार नाही, हे खरे आहे. तीन चौकोनांत मात्र ते मुळीच मावत नाही.

डॉ. जयंत नारळीकर 20 मे 2025 रोजी गेले तेव्हा आपण सगळ्यांनी इथे त्यांच्याविषयी लिहिले. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवायला सांगत आणि उत्तराखाली सही करून ते पाठवत. आपल्या राज्यघटनेने 1976 पासून शोधकबुद्धीचा विकास हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य मानले आहे. प्रश्न गोळा केल्याशिवाय ती बुद्धी वाढली की खुंटली, हे कोण आणि कसे सांगणार?

येत्या 28 फेब्रुवारीला मी पुन्हा मुले घेऊन जाणार आहे. प्रत्येकाच्या हातात कोरा कागद असेल आणि परतीच्या बसमध्ये प्रत्येकजण न सुटलेला एक प्रश्न त्यावर लिहील. तो गठ्ठा मी आयोजकांच्या कार्यालयात पोच घेऊन देणार आहे आणि एप्रिलअखेर त्याच मुलांना पुन्हा विचारून दुसरा गठ्ठा नेणार आहे. डिचोली, फोंडा, सांगे इथल्या ज्या शिक्षक मित्रमैत्रिणींना हे आपल्या शाळेत करायचे असेल, त्यांनी खाली प्रतिक्रियेत फक्त इयत्ता आणि मुलांची संख्या लिहावी. कागदाचा नमुना मी आज रात्री तयार करते.