‘ग्राफिक्स बकवास’ म्हणण्याआधी

रविवारी भाचा घरी आला होता. माझ्या लॅपटॉपवर ‘रिटर्न ऑफ द ओब्रा दिन’ सुरू होता. डोकावून बघत म्हणाला, “मावशी, काय बकवास ग्राफिक्स आहेत! केवढा जुना गेम आहे हा?” गेम २०१८चा आहे. तेव्हा मी वाद घातला नाही, पण हेच वाक्य इतक्या जणांकडून ऐकते की आज लिहायला बसले.

या गेममध्ये पडद्यावर फक्त दोन रंग असतात, एक गडद आणि एक फिका. सावली दाखवायची तर ठिपके दाट करायचे, उजेड हवा तर विरळ. लुकास पोप या माणसाने तो जवळजवळ एकट्याने केला. बनवताना सुरुवातीला गेममध्ये मान वळवली की सगळे ठिपके मुंग्यांसारखे वळवळायचे, डोळ्यांना त्रास व्हायचा. ते दृश्याला चिकटून राहावेत म्हणून त्याने किती खटपट केली! आणि हे दोन रंग नुसते शोभेचे नाहीत. १८०७ सालचं जहाज, त्यावरच्या साठ माणसांचं काय झालं ते आपण शोधायचं. रंगांची मदत नाही म्हटल्यावर आपण टोपी बघतो, बूट बघतो, झोपायच्या झोळीवरचा आकडा बघतो. चित्रच आपल्याला निरखायला लावतं.

आम्ही बडोद्याच्या दांडिया बाजारातले. तांबेकर वाडा लहानपणापासून बघत आले. एकोणिसाव्या शतकातली ती भिंतीवरची चित्रं, कृष्णलीला, महाभारत, मधेच गोरी माणसं. रेषा ठाम आणि रंग सपाट. त्याच बडोद्यात, राजवाड्याच्या आवारातल्या संग्रहालयात राजा रविवर्म्याची तैलचित्रं आहेत, तिथे रेशमाची चकाकी हात लावून बघावीशी वाटते. पण तांबेकर वाड्यातली चित्रं म्हणजे कमी प्रतीचा रविवर्मा, असं मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. दोन्हीकडे चित्रकाराने काय दाखवायचं ते ठरवलंय आणि शेवटपर्यंत निभावलंय. मग गेमच्या बाबतीतच आपण सगळ्यांना एका फूटपट्टीने का मोजतो?

‘कपहेड’ घ्या, २०१७चा. माणसांनी कागदावर पेन्सिलीने एकेक फ्रेम काढली, शाईने गिरवली, मागची दृश्यं जलरंगात रंगवली. किंवा ‘लिंबो’. सगळं काळं-करडं, त्यातल्या नायक मुलाचे डोळे म्हणजे दोन पांढरे ठिपके. तो पडला की ते ठिपके विझतात. चेहरा हुबेहूब असता तर पोटात एवढं कालवलं असतं का? मला नाही वाटत.

आणि हो, ‘इंडी आहे (म्हणजे मोठ्या कंपनीशिवाय, छोट्या टीमने केलेला गेम), चालायचंच’ हेही मला मान्य नाही. पिक्सेल आर्ट, म्हणजे चौकोनी ठिपक्यांची चित्रं, म्हणायचं आणि नायकाचे चौकोन मोठे, झाडाचे बारीक, वर अक्षरं एकदम गुळगुळीत! कुठून तरी तयार मॉडेल उचलून एकत्र ठेवलेली असतात, एकाचा उजेड डावीकडून तर दुसऱ्याचा उजवीकडून. हे डोळ्याला लगेच खुपतं. पैसे कमी होते म्हणून असं होत नाही. ‘स्टारड्यू व्हॅली’ या शेतीच्या गेमची चित्रं, संगीत, प्रोग्रामिंग सगळं एका माणसाने चार-साडेचार वर्षं बसून केलं, पण त्यातली बटाट्याचं रोप आणि घराचं छप्पर एकाच हातातून उतरलेलं दिसतं.

आपल्याकडे पुण्याच्या नॉडिंग हेड्स या कंपनीने २०२०मध्ये ‘राजी’ हा गेम आणला. त्याची प्रेरणा पहाडी लघुचित्रांची, गोष्ट सांगायला छायाबाहुल्या. खेळताना सारखं वाटत होतं, मराठा भित्तिचित्रांची रेषा अशी कुणी हलवून बघितली तर? इथे फाइन आर्ट्सची एवढी जुनी फॅकल्टी आहे, वाडा चालत जाण्याच्या अंतरावर आहे. बडोद्यातलं कुणी गेमसाठी चित्रं काढत असेल, अगदी वहीतली कच्ची असली तरी, खाली कमेंटमध्ये टाका. मला खरंच बघायची आहेत.