‘गिटार गच्चीवर टाका, विंटेज होईल’ म्हणणाऱ्यांसाठी

ऊन तापायला लागलं की आपल्याकडच्या गिटारवाल्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. त्यातला मजकूर थोडक्यात असा: नवी चकचकीत इलेक्ट्रिक गिटार आठवडाभर गच्चीवर ठेवा, लाल रंग उडून गिब्सन कंपनीच्या 1959 च्या लेस पॉल गिटारसारखा मधाळ पिवळा होईल. घाई असेल तर थिनर फिरवा, नाहीतर लिंबू आणि ब्लीच. चमक तारेच्या घासणीने मारा. रंग हलका झाला की आवाजही मोकळा होतो. आणि शेवटी हमखास टाळ्यांचं वाक्य, "सोलापूरचं ऊन आहे बे, त्याच्यापुढं काय टिकतंय?"

मेसेजमध्ये एक गोष्ट खरी आहे, म्हणून बाकीच्या थापा खपतात. गिब्सनने 1958 ते 1960 मध्ये लेस पॉल स्टँडर्ड चेरी सनबर्स्टमध्ये काढली. मधे पिवळा, कडेला लाल. हा लाल रंग उजेडाला कच्चा निघाला. काही गिटारी तर दुकानाच्या काचेत टांगल्या टांगल्याच फिकट झाल्या. आज ज्यांना लेमन बर्स्ट, टी बर्स्ट म्हणून मिरवतात, त्या मूळच्या लाल कडांच्याच. त्यांचं पिकगार्ड (ओरखडे टाळणारी प्लॅस्टिकची पट्टी) काढलं की खाली जुना लाल पट्टा तसाच सापडतो, कारण तिथे उजेड पोचलेला नसतो.

पण मेसेज पुढचं सांगत नाही. 1960 मध्येच गिब्सनने लाल रंग बदलला आणि त्यानंतरच्या गिटारी आजही लालबुंद दिसतात. कंपनी तीच, लाकूड तेच, वरचा लॅकर (चकाकीचा पारदर्शक थर) तोच. बदलला तो फक्त रंग. म्हणजे प्रश्न ऊन किती कडक हा नाहीच, रंग कोणता हा आहे.

हे सोलापूरकराला समजावून सांगावं लागावं याचंच नवल वाटतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कुठल्याही डाइंगवाल्याला विचारा. एकाच गच्चीवर, एकाच उन्हात वाळणाऱ्या दोन चादरींपैकी एकीचा लाल दोन उन्हाळ्यांत विटका होतो आणि व्हॅट नावाच्या पक्क्या रंगातली दुसरी वर्षानुवर्षं तशीच राहते. कापडधंद्यात यासाठी मोजपट्टीच आहे: लोकरीच्या आठ निळ्या पट्ट्या, 1 सर्वांत कच्ची, 8 सर्वांत पक्की. नमुन्यासोबत त्या उजेडात ठेवायच्या आणि नमुना कितव्या पट्टीबरोबर उडतो ते बघायचं. सूर्य सगळ्यांना सारखाच असतो.

आता तुमच्या हातातली गिटार. दहा-वीस हजारांत मिळणाऱ्या बहुतेक गिटारींवर पॉलिएस्टर किंवा पीयूचा (पॉलियुरेथेनचा) जाड थर असतो आणि आतला रंग उजेडाला बऱ्यापैकी पक्का. काळी गिटार असेल तर विषयच मिटला. तो काळा बहुधा कार्बनचा असतो, आणि कार्बन उन्हाने उडत नाही.

रंग उडत नाही, पण बाकीचं बरंच काही होतं. गेल्या मे महिन्यात एक मुलगा असाच प्रयोग केलेली गिटार सेटअपसाठी, म्हणजे तारा वगैरे जुळवून घ्यायला, माझ्याकडे घेऊन आला. नेकच्या (गिटारच्या मानेच्या) कडेवरून अंगठा फिरवला तर करवतीसारखा लागला. कोरड्या उन्हात फ्रेटबोर्डचं (नेकवरच्या पट्टीचं) लाकूड आकसलं होतं आणि फ्रेटची (त्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) टोकं बाहेर आली होती. पिकगार्डची कड उचललेली, आणि एका पिकअपच्या (तारांचं कंपन टिपणाऱ्या चुंबकी भागाच्या) कडेला आतलं मेण वितळून पाझरलेलं. पिकगार्ड काढून बघितलं, खालचा लाल आणि बाहेरचा लाल अगदी एक! सावलीत पारा 42-43 वर असतो तेव्हा स्लॅबवर पडलेलं गडद रंगाचं लाकूड त्याहून किती तरी जास्त तापतं. त्या तापमानाला पांढऱ्या गोंदाचे सांधेही मऊ पडू लागतात.

फेंडर या दुसऱ्या कंपनीच्या जुन्या गिटारींचा दाखलाही या मेसेजच्या बाजूने देतात. लेक प्लॅसिड ब्लू हिरवट झाला, ऑलिंपिक व्हाइट सायीसारखा झाला, बघा ऊन काय करतं! तिथे मुख्यतः वरचा नायट्रोसेल्युलोज (एनसी किंवा नायट्रो) लॅकर पिवळा पडलाय. निळ्यावर पिवळं चढलं की हिरवट दिसणारच. म्हणजे रंग उडाला नाही, उलट एक चढला. फेंडर 1968 मध्ये पॉलिएस्टरकडे वळली आणि तुमच्या गिटारवरही बहुधा तसाच थर आहे, तेव्हा त्या आशेवरही बसू नका.

थिनरचं म्हणाल तर सुताराकडचा थिनर एनसी लॅकर विरघळवतो, सुकलेल्या पॉलिएस्टरला ढिम्म काही होत नाही. तुमच्या गिटारवर काय आहे ते बघायचं असेल तर मागचं झाकण उघडून आतल्या कडेला इअरबडने थेंबभर थिनर लावा. चिकट झालं तर बहुधा नायट्रो, नाही झालं तर पॉलिएस्टर किंवा पीयू. प्लॅस्टिकच्या भागांपासून मात्र लांब ठेवा, ते लगेच वितळतात.

लिंबू आणि ब्लीच मात्र थट्टेवारी नेण्यासारखं नाही. ब्लीचमध्ये आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद खोलीत किंवा बाथरूममध्ये हा उद्योग कोणी केला तर छातीत जळजळ होऊन दवाखाना गाठावा लागेल. इतकं करून पक्क्या थराखालच्या रंगापर्यंत ब्लीच पोचतच नाही, गंजतात ते ब्रिज आणि स्क्रू.

तारेच्या घासणीने चमक मरते हे खरं, रंग मात्र तोच राहतो. शिवाय लोखंडाचा बारीक चुरा पिकअपच्या चुंबकाला जाऊन चिकटतो आणि मग तो निघता निघत नाही. करड्या स्कॉच-ब्राइटने (नायलॉनच्या घासणीने), लाकडाच्या रेघेच्या दिशेने हलक्या हाताने घासा. काम तेच होतं. आवाजावर जास्त शाई खर्च करत नाही. पिकअप पोलादी तारेचं कंपन टिपतं, त्याला लाल-पिवळं दिसत नाही.

फिकट गिटार हवीच असेल तर एक रस्ता आहे, फुकटचा नाही. पारदर्शक रंगाचा हात वरून मारून गिटार गडद करता येते, फिकट करता येत नाही. त्यामुळे जुना थर काढावाच लागतो. पॉलिएस्टर फार चिवट, हीट गन आणि पॉलिश पेपर दोन्ही लागतात, आणि चांगला मास्कही. खाली सुंदर लाकूड असेलच असं नाही. स्वस्त गिटारीत बरेचदा जोडतुकडे आणि लांबी (पुट्टी) निघते, आणि वरची ‘फ्लेम’ (लाकडातल्या लाटांसारख्या रेघा) म्हणजे नुसता छापील कागद. एवढं बघूनही मन मागे हटत नसेल तर फर्निचरला स्प्रे मारणारा चांगला पॉलिशवाला गाठा, पिवळसर छटेचा एनसी लॅकर आणि कडेला अगदी पुसट लाल सांगा. काम पावसाळ्याआधी उरका, दमट हवेत एनसी लॅकर पांढरा पडतो. आणि मग ती गिटार रबरी गाद्यांच्या स्टँडवर ठेवू नका, रबर लागतं तिथे हा लॅकर चिकट होतो. स्टँडला सुती कापड गुंडाळलं की झालं.