पर्समध्ये मावतं म्हणून सोपं नसतं

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला पाच ग्रुपवर आला. सोसायटीच्या, शाळेच्या बॅचच्या, ठाण्यातल्या येऊरच्या जंगलात पहाटे फिरायला जाणाऱ्यांच्या. घोडबंदर रोडला राहणाऱ्या मेव्हण्याने तर वर 'तू यातला माणूस, खरं का रे हे?' असंही लिहिलं. मेसेज थोडक्यात असा:

'भगिनींनो, काळ वाईट आहे. पर्समध्ये मावणारं .२२ किंवा .३२ चं छोटं पिस्तूल घ्या. चालवायला मोबाइलइतकं सोपं. गोळी लहान, त्यामुळे कोणी मरत नाही, फक्त जखमी होतो. आधार, पॅन आणि रिटर्न असलं की महिलांना आठ दिवसांत लायसन्स. घरात एकाचं लायसन्स असलं की सगळ्यांना चालतं. बहुतेक वेळा नुसतं दाखवलं तरी काम होतं. आणि स्वसंरक्षणात सगळं माफ.'

मी 'यातला माणूस' तो एवढ्यापुरता: वडिलांची जांभळी नाक्यावर धान्याची पेढी होती, रोख घेऊन रात्री नौपाड्यातल्या घरी यायचे, म्हणून त्यांच्याकडे परवान्याचं .३२ पिस्तूल होतं (हा आकडा बोअरचा, म्हणजे नळीच्या भोकाचा, इंचात). ते गेल्यावर रीतसर वारसाहक्काने परवाना माझ्या नावावर झाला. शिवाय बरीच वर्षं मी नेमबाजीच्या रेंजवर .२२ चं स्पोर्ट पिस्तूल, म्हणजे स्पर्धेचं पिस्तूल, मारतो. नेमबाज म्हणून सुमार आहे, पण काडतुसं बऱ्यापैकी जाळली आहेत.

आधी सगळ्यात घातक वाक्य घेतो. लहान गोळीने कोणी मरत नाही, म्हणे.

वडिलांचं पिस्तूल म्हणजे बेल्जियमचं एफएन ब्राउनिंग, १९१० चं मॉडेल. परदेशी शस्त्रांची आयात ऐंशीच्या दशकात बंद व्हायच्या कितीतरी आधी आलेलं. सहाशे ग्रॅमच्या आत-बाहेर वजन, कोटाच्या खिशात सहज जातं. याच मॉडेलच्या, फक्त .३८० बोअरच्या पिस्तुलातून २८ जून १९१४ ला साराजेव्होत दोन गोळ्या सुटल्या आणि ऑस्ट्रियाचे युवराज आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड व त्यांची पत्नी सोफी दोघंही गेले. पुढचं महायुद्ध शाळेत सगळ्यांनीच पाठ केलंय. ३० जानेवारी १९४८ ला बिर्ला हाउसमध्ये गांधीजींवर झाडलेल्या तीन गोळ्याही .३८० च्याच, बेरेटाच्या छोट्या पिस्तुलातल्या. कोणी म्हणेल, .३८० जरा मोठी झाली, आम्ही .२२ बद्दल बोलतोय. तर १९६८ च्या जूनमध्ये लॉस एंजलिसला अमेरिकी सिनेटर रॉबर्ट केनेडींचा जीव घेतला तो .२२ च्या रिव्हॉल्व्हरनेच.

यात अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांचा प्रसंग मला सगळ्यात बोलका वाटतो. ३० मार्च १९८१, वॉशिंग्टन, .२२ चं स्वस्तातलं रिव्हॉल्व्हर, सहा गोळ्या, चार माणसं जखमी. प्रेस सेक्रेटरी जेम्स ब्रेडी यांच्या डोक्याला लागली, ते जन्मभर अपंग झाले. रेगन यांना लागली ती गाडीवर आपटून उडालेली गोळी, हृदयापासून इंचभर अंतरावर जाऊन थांबली. आणि तरी रेगन हॉस्पिटलच्या दारातून स्वतःच्या पायांनी चालत आत गेले, मग कोसळले. आपल्याला गोळी लागली आहे हे सुरुवातीला त्यांना कळलंसुद्धा नव्हतं.

मेसेज लिहिणाऱ्याने नेमका इथे घोळ केला आहे. ही गोळी माणूस मारू शकते, पण अंगावर धावून येणाऱ्याला त्याच क्षणी थांबवेल याचा भरवसा नाही. स्वसंरक्षणाला हवं असतं बरोबर उलटं: तो आत्ता थांबावा, आणि शक्यतो जगावा. आणि जी लागत नाही ती गोळी कुठे जाते? .२२ च्या काडतुसांच्या खोक्यावर दीड मैलापर्यंत धोका असल्याची सूचना असते. आमच्या ठाण्यात तलावपाळीहून तीन हात नाका त्याच्या आतच येतो.

आता 'मोबाइलइतकं सोपं'.

वडिलांचं पिस्तूल मी पहिल्यांदा रेंजवर नेलं तेव्हा माझाही समज तोच होता. स्पोर्ट पिस्तुलाने पंचवीस मीटरवर बरे गुण पडतात, तर हे दहा मीटरवर काय अवघड? कागदही मोठा लावला. मॅगझीनमध्ये सात काडतुसं. मे महिना, तळहाताला घाम. पहिली अडचण स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढण्याचीच. या जातीच्या पिस्तुलात गोळी सुटताना स्लाइडला धरून ठेवतं ते तिचं वजन आणि स्प्रिंग, दुसरं काही नाही. स्लाइड हलकी, म्हणून स्प्रिंग ताठ. त्यात पकडायला बोटभर जागा, आणि घामेजलेली बोटं निसटतात. मी दोनदा चुकलो. ज्यांच्या मनगटात जोर कमी आहे त्यांनी पर्समधून काढून, अंधारात, घाबरलेलं असताना हे करायचं आहे.

सातपैकी एक काडतूस फुटलंच नाही. नुसतं 'टक्'. अशा वेळी नळी निशाणाकडेच रोखून मनात तीस आकडे मोजायचे असतात, कारण काडतूस कधी कधी उशिरा पेटतं. मग ते काढायचं. रेंजवर ठीक आहे, वेळच वेळ असतो. .२२ मध्ये तर हे जास्तच होतं, कारण पेट घेणारं रसायन काडतुसाच्या कडेत भरलेलं असतं, आणि ते सगळीकडे सारखं बसलं नसेल तर घोडा, म्हणजे ठोका देणारा भाग, नेमका कोरड्या जागी आपटतो.

उरलेल्या सहांपैकी कागदावर चार. त्यातलं एक भोक कोपऱ्यात, कागद धरणाऱ्या चिमट्याला चिकटून.

मी नंतर घरी बसून हिशेब केला. नेम धरताना पुढचा उंचवटा, म्हणजे माशी, आणि मागची खाच यांच्यात जे अंतर असतं ते माझ्या स्पोर्ट पिस्तुलावर बावीस सेंटीमीटर. खिशातल्या पिस्तुलावर धरा अकरा. माशी एक मिलिमीटर इकडेतिकडे झाली तर दहा मीटरवर स्पोर्ट पिस्तुलाची गोळी साडेचार सेंटीमीटर चुकते आणि छोट्याची नऊ. म्हणजे हात तोच, चूक तीच, आणि गोळी दुप्पट लांब. त्यात या माश्याही नावाला. माझ्या पिस्तुलावरची तर भिंगाने बघावी अशी.

रिव्हॉल्व्हर घेतलं तर स्लाइडचा प्रश्न नाही, हे खरं. २०१४ च्या जानेवारीत कानपूरच्या सरकारी कारखान्याने महिलांसाठी म्हणून .३२ चं 'निर्भीक' काढलं, पाचशे ग्रॅमचं, किंमत सव्वा लाखाच्या जवळपास. पण घोडा आधी न चढवता चाप ओढायचा तर अशा छोट्या रिव्हॉल्व्हरचा चाप कित्येक किलोंच्या जोराचा असतो. स्पोर्ट पिस्तुलाचा नियमाने किमान एक किलो, आणि त्यावर हुकूमत यायलाच लोकांची वर्षं जातात. अर्धा किलोचं हत्यार हलू न देता त्याच्या वजनाच्या अनेक पट जोराने बोट ओढायचं, हे करून बघितल्याशिवाय कळत नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये .२२ च्याच पिस्तुलाने सुवर्ण जिंकलं ते फोटो या मेसेजसोबत फिरतायत. त्या फोटोत तिच्या हातातलं पिस्तूल कुठल्या पर्समध्ये मावेल ते सांगा.

लायसन्सचं आटपतो. आठ दिवसांत वगैरे काही नाही. ठाण्यात राहणाऱ्याने ठाणे पोलीस आयुक्तांकडे अर्ज करायचा, वाशी-नेरूळवाल्याने नवी मुंबई आयुक्तांकडे. वय किमान एकवीस, पोलीस चौकशी, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, घरात सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था, आणि मुख्य म्हणजे 'का हवं' याचं पटणारं कारण. 'काळ वाईट आहे' हे कारण नव्हे. उलट बाजूचा गैरसमजही खोडून टाकतो: परवाना फक्त पैसेवाल्यांना मिळतो असं लोक म्हणतात, पण शस्त्र कायद्याच्या कलम १४ मध्ये स्पष्ट लिहिलंय की पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने नाकारता येणार नाही. रिटर्नचा मुद्दा तिथेच संपला.

'एकाचं लायसन्स सगळ्यांना' हे तर सरळ जेलचं तिकीट. परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराच्या नाही. नवऱ्याचं पिस्तूल बायकोने पर्समध्ये घालून ट्रान्स हार्बरची लोकल पकडली तर तो विनापरवाना शस्त्र बाळगण्याचा गुन्हा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान दोन वर्षं, जास्तीत जास्त पाच.

'नुसतं दाखवायचं' यावरही २०१६ चे नियम आहेत. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये किंवा पिशवीत, पूर्ण झाकलेलंच न्यायचं, बाहेर काढून मिरवायला बंदी. येऊरच्या ग्रुपवर एका काकांनी 'बिबट्या दिसला तर हवेत बार' असं सुचवलंय. काका, ते राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे परवानगीशिवाय शस्त्र घेऊन शिरलात तर बिबट्याआधी वनखातं भेटेल.

आणि 'स्वसंरक्षणात सगळं माफ'. हक्क आहे, नाही असं नाही. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ त्यावरच आहेत. पण कलम ३७ वाचा: पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क नाही, आणि बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची मुभा नाही. पाकीट मारून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली तर ती शिक्षा झाली, संरक्षण नव्हे. जिवावर बेतलं होतं हे कोर्टात दाखवून द्यायची जबाबदारी गोळी झाडणाऱ्यावरच येते.

एक गोष्ट मेसेजमध्ये नाही, पण त्याखालच्या प्रतिक्रियांत आहे: उशाखाली ठेवायचं म्हणजे हाताशी राहतं. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे जुहूच्या घरी गोविंदाला त्याच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी पायात लागली, ते सगळ्यांनी वाचलंय. तिथे चोर नव्हता, भांडण नव्हतं. माझ्या पिस्तुलाला तर बाहेर घोडाच नाही, ठोका देणारी सुई आत दडलेली आहे, त्यामुळे चढवलेलं आहे की उतरवलेलं हे बाहेरून बघून कळत नाही. म्हणून ते कुलपात असतं, काडतुसं दुसऱ्या कुलपात, आणि किल्ल्या दोन ठिकाणी. मध्यरात्री कोणी आलं तर मला ते हातात यायला पाचेक मिनिटं लागतील. तोवर पोलिसांशी ११२ वर बोलून झालं असेल.

परवा आमच्या विंगमधल्या एका ताईंनी लिफ्टमध्ये विचारलं, 'दादा, घ्यावं का हो तसं काही? मुलगी रात्रीच्या शिफ्टला ऐरोलीला जाते.' मी विचारलं, ती येते कशाने? कंपनीच्या गाडीने, गेटवर सोडतात. मग भीती कुठल्या जागेची? गेटपासून आमच्या विंगपर्यंतचा पट्टा, म्हणाल्या. तिथले दोन दिवे गणपतीपासून बंद आहेत. सेक्रेटरींना त्यांनी तीनदा सांगितलंय.

वडिलांनी सव्वीस वर्षांत एकदाही गोळी झाडली नाही. त्यांच्या पाकिटात परवान्यासोबत पोलीस ठाण्याच्या पावत्यांची गड्डी सापडली. दर निवडणुकीला पिस्तूल जमा करायचं, निकालानंतर परत आणायचं. २०२४ मध्ये मीही दोनदा जाऊन आलो, लोकसभेला आणि विधानसभेला. त्या गड्डीला आता माझ्या दोन पावत्या जोडल्या आहेत. ताईंच्या अर्जावर मात्र विंगमधल्या चौदा जणांच्या सह्या झाल्यात. रविवारच्या मीटिंगला दिव्यांचा विषय पहिला आहे.