नावाचा खंड्या

साताऱ्यात कुत्र्याचं नाव काहीही ठेवावं. टायगर ठेवा, ब्रुनो ठेवा, मोत्या तर कधीही चालतं. फक्त खंड्या ठेवू नये. आमच्या आईनं ठेवलं.

छत्रपती शाहू महाराजांचा खंड्या इथं पोराटोरांना ठाऊक. महाराज शिकारीला गेले, वाघ चालून आला, खंड्यानं भुंकून सावध केलं, महाराज वाचले. मग खंड्याला जहागीर मिळाली, पालखीचा मान मिळाला, अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, संगम माहुलीला त्याची समाधीही आहे. महाराज गेले १७४९ साली. पावणेतीनशे वर्षं झाली, पण आमच्या गावात हा विषय अजून कालचाच आहे. आणि रोज सकाळी साखळी धरून तो चारचौघांत फिरवून आणायचं काम माझ्याकडे आलंय.

आमचा खंड्या गावठी. आई मंडईत गेली होती, ती पिशवीत मेथीच्या जुडीवर त्याला बसवून घेऊन आली. "चेहरा बघ, कसा इमानी आहे," म्हणाली. चेहरा आहेच. मेथीचं मात्र नंतर कुणी नाव काढलं नाही. घरात माणसं चार, जीव चौघांचा त्याच्यावर, साखळी एकाच्या हातात. मुलीची दहावी, बायकोची सकाळची शाळा, आईचे गुडघे. मला सांगण्यासारखं एकही दुखणं नाही, हेच माझं दुखणं.

आम्ही राहतो माची पेठेत, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला. म्हणजे घराबाहेर पडलं की उतार. खंड्या पुढं, मधे ताणलेली साखळी, मागं मी चपला घासत. लांबून बघणाऱ्याला वाटावं, या माणसाला कुणीतरी पकडून चौकीत न्यायला निघालंय. खाली राजवाड्याच्या बाजूला सपाटी लागली की हे साहेब एकदम थांबतात. विजेचा खांब. मग पुढचा खांब. मग कुणाच्या तरी स्कूटरचं मागचं चाक. डॉक्टरांनी बजावून सांगितलंय, ओढू नका, पोटभर वास घेऊ द्या, वास घेऊन कुत्र्याचं डोकं थकतं आणि मग ते घरी शांत पडतं. बरोबरच असणार. फक्त त्याचं डोकं थकायच्या आधी माझं थकतं, आणि मला घरी शांत पडायला कुणी देत नाही.

थांबलं की माणसं भेटतात. साताऱ्यात सकाळी साडेसहाला ओळखीचा माणूस चुकवायचा तर थेट यवतेश्वरच्या घाटातच जायला हवं.

"नाव काय म्हणायचं ह्याचं?"

मी तोंडातल्या तोंडात सांगतो. तरी ऐकू जातं.

दूधवाला रोज विचारतो, "खंड्या? मग वाघ कुठाय?" आणि रोज नव्यानं हसतो. त्याचा हेवा वाटतो मला, आनंद इतका स्वस्त मिळणाऱ्या माणसाचा. कट्ट्यावरच्या तात्यामंडळींचं तसं नाही. तिथं सगळी कथा पहिल्यापासून होते. गोष्ट तीच, पण वाघ दर तात्यागणिक हातभर वाढतो. एकजण म्हणतो वाघ नव्हता, वाघीण होती. दुसरा म्हणतो, तुझा आजा गेला होता का मोजायला? मग दोघं मिळून माझ्याकडं बघतात, जणू खंड्या माझ्याकडं आहे म्हणजे कागदपत्रंही माझ्याकडंच असणार. शेवटी सगळ्यांच्या नजरा खाली येतात. खाली आमचा खंड्या स्वतःचीच शेपटी धरायला बघत असतो.

"हा भुंकतो का पण?"

भुंकतो की. कुकरच्या शिट्टीवर भुंकतो, मिक्सरवर भुंकतो, मालिकेत कुणी दारावरची बेल दाबली तर आमच्या दाराकडं धावतो. गल्लीच्या भिंतीवर एक बोका बसतो, त्याच्यावर मात्र नाही. बोका दिसला की खंड्या माझ्या दोन पायांमधून हळूच मागच्या बाजूला जातो आणि तिथून मला पुढं ढकलतो. वाघ आलाच तर मी कुठं लपलोय ते तो इमानानं दाखवील, एवढी खात्री आहे.

बाकीची कुत्री हे ओळखून आहेत. आमच्या बऱ्याचशा पेठा वारांच्या नावाच्या, कुठली कुठं संपते यावर माणसं वाद घालतील, पण कुत्र्यांच्या हद्दी पक्क्या. अमुक दुकानाच्या पायरीपर्यंत एक टोळी, गटारापलीकडं दुसरी. खंड्या गटारापाशी आला की आडवा होतो, चारी पाय वर. जहागीर, मान, वतन, सगळं जागेवर सोडलं! टोळीवाले वास घेऊन, कंटाळून निघून जातात.

परतीचा चढ तो चढत नाही. अर्ध्यावर बसतो तो बसतोच. बिस्कीट दाखवा, शिट्टी मारा, शिव्या द्या. मग वीस किलोचं ते ध्यान उचलून खांद्यावर घ्यायचं आणि निघायचं. आई खिडकीतून बघते आणि डोळ्याला पदर लावते. तिला वाटतं, पालखीचा मान मिळाला. भोई घामाघूम झालाय हे तिला दिसत नाही.

राहता राहिला मुख्य कार्यक्रम, ज्यासाठी हे सगळं. तो उरकला की मी उचलतो. जुन्या पेपरात नीट चौकोनी पुडी बांधतो, आणि घंटागाडी भेटेपर्यंत ती हातात वागवतो. आता अडचण अशी, की मोती चौकाकडून कागदाची पुडी जपून धरून वर येणारा माणूस म्हणजे कंदी पेढे, हे साताऱ्यातलं गणित. दुकानं इतक्या सकाळी उघडत नाहीत, हे बघणाऱ्याला पुडी दिसल्यावर आठवत नाही.

पौषातली थंडी होती. वळणावर आमचे शाळेतले सर भेटले. इतिहास शिकवायचे. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, कानाला मफलर, आणि सर्दीनं नाक पार बंद. खंड्या भिंतीवरच्या बोक्यामुळं माझ्या मागं.

"कोण रे? तूच ना? हातात काय, पेढे?"

"नाही सर."

"लाजतोस काय! पोरीला मार्क पडले वाटतं?"

"परीक्षा अजून व्हायचीय सर. हे... हे खंड्याचं आहे."

सर थांबले. काठी डाव्या हातात घेतली. मफलर सोडून नीट केला.

"माहुलीला जाऊन आलास? समाधीला?" त्यांचा आवाज भरून आला. "एवढ्या थंडीत? अरे, मग हा तर प्रसादच की!"

आणि उजवा हात पुढं केला, ओंजळीसारखा.

मी चढावर पळत सुटलो. खंड्याला काय वाटलं कोण जाणे, पहिल्यांदाच तो न बसता माझ्या मागं पळत आला. खालून सरांची हाक येत होती,

"अरे, कणभर तरी ठेव हातावर!"