फाल्गुनरावाला विदूषक करू नका

कॉलेजची मुलं संगीत नाटक करायला घेतात तेव्हा मला फार आनंद होतो. ऑर्गनच्या सुरावर विशीतल्या पोराने नाट्यपद उभं करणं हे आज सोपं काम नाही. म्हणूनच गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत संशयकल्लोळ' बसवणाऱ्यांशी मला हक्काने भांडायचंय.

बहुतेक ठिकाणी त्यातला संशयी नवरा फाल्गुनराव म्हणजे डोळे गरागरा फिरवणारा, थयथयाट करणारा म्हातारा. देवलांनी असा माणूस लिहिलेलाच नाही. बायको एका देखण्या परपुरुषाची तसबीर निरखत उभी आहे, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. आणि नवरा भर रस्त्यात एका तरुणीला सावरतोय, हे त्याच्या बायकोने, कृत्तिकेने. त्या तरुणीला, रेवतीला, घेरी आली होती, तसबीर तिच्याचजवळची पडली होती, हे फक्त आपल्याला ठाऊक. त्या दोघांपाशी आपापला पुरावा आहे! मत्सर वेडेपणातून नाही, पुराव्यातून वाढतो, हे देवलांना पक्कं कळलं होतं. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो' या शोकांतिकेवरून 'झुंझारराव' त्यांनीच लिहिलं, 1890मध्ये. तिथे रुमालाने जीव घेतला, इथे तसबिरीने घरं ढवळून निघाली. हत्यार एकच.

मागे एका कॉलेजच्या तालमीला बसले होते. फाल्गुनराव करणारा मुलगा पहिल्या वाक्यापासून किंचाळत होता. त्याला म्हटलं, ओरडू नकोस, उत्तर 'नाही' यावं असं वाटत असल्यासारखं विचार. त्याने आवाज खाली आणला. कृत्तिकेच्या हातातली तसबीर आपसूक पदराआड गेली, दिग्दर्शकाने सांगितलेलं नसताना. तबलजीचा हातोडा हातातच राहिला. हशा तरीही आला, चांगला खणखणीत आला. पण लोक त्याच्या सोंगाला हसत नव्हते, त्या दोघांच्या अडकण्याला हसत होते.

आता माझा खरा मुद्दा. रेवतीच्या प्रियकराला, अश्विनशेठला, आपण का सोडतो?

तो तरुण आहे, श्रीमंत आहे, 'मृगनयना' गातो. रेवतीला दिलेली आपली तसबीर फाल्गुनरावाच्या हातात दिसते आणि याचा तिच्यावरचा विश्वास उडतो. त्यात रेवती नायकिणीच्या घरातली. फाल्गुनरावाच्या संशयाला निदान संसाराचा पाया आहे. अश्विनशेठच्या संशयात तिच्या जन्माबद्दलचा अविश्वासही मुरलेला आहे. 1916मध्ये गंधर्व नाटक मंडळीने हे संगीत रूपात रंगमंचावर आणलं, स्वतः बालगंधर्व रेवती झाले, तेव्हापासून आपण त्या गोड गळ्यांवर खूश आहोत. फाल्गुनराव गद्य भूमिका, म्हणून हास्यास्पद. अश्विनशेठ गातो, म्हणून माफ. हा न्याय मला पटत नाही.

कॉलेजातल्या मुलींना तर हे लगेच कळतं. 'रात्री ऑनलाइन कोणासाठी होतीस' हा प्रश्न विचारणारे सगळे फाल्गुनरावाच्या वयाचे नसतात. बरेचसे देखणे, गोड बोलणारे असतात.

तेव्हा यंदा स्पर्धेत हे नाटक करणार असाल तर वेळेसाठी पदं कापा, ताना आखडत्या घ्या, चालेल. रेवती आणि अश्विनशेठ यांच्या भांडणाला मात्र कात्री लावू नका. आणि ते मिटल्यावर रेवतीला लगेच हसायला लावू नका. तिला थोडा वेळ द्या. अश्विनशेठ करणाऱ्या मुलाला तेवढा वेळ तिच्यासमोर अवघडून उभा राहू दे, पेटीवाल्यांनी पुढच्या पदाचा सूर देण्याची घाई करू नये.